मामांची पद्मिनी आणि तीन अंशांची पाचर

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीचे डबे रिकामे झाले आणि मामांनी विषय काढला. "काय बे, गाडी काढायची का यंदा?"

गाडी म्हणजे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. मामांनी ती खास पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या धावेसाठी केलेली आहे. मागची सीट, दारांचे आतले पत्रे, पुढचा-मागचा बंपर, सगळं उतरवलेलं. मूळचं १०८९ सीसीचं इंजिन दोनदा बसलं. तिसऱ्यांदा त्याची समजूत घालण्यापेक्षा मामांनी मारुती जिप्सी किंगचं १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन बसवलं. गिअरबॉक्सही तिचाच. जिप्सीत ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून सुटी असते. ती बाजूला ठेवली की गिअरबॉक्समधून थेट मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत प्रॉपेलर शाफ्ट टाकता येतो. ऐंशी हॉर्सपॉवर, म्हणजे मूळच्या जवळजवळ दुप्पट. गाडी रस्त्यावर चालवत नाही, टेम्पोत घालूनच नेतो-आणतो.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मामांच्या हिशेबाने त्यामुळे पद्मिनी सोलापूरचीच, कुर्ल्याला ती फक्त बाळंतपणाला गेली होती.

दुखणं असं: मागच्या दोन्ही स्पर्धांत तीनशे मीटरच्या पुढे, ताशी ११० ओलांडलं की स्टिअरिंग हातात कापसासारखं होतं. आणि गिअर बदलला की नाक डावीकडे जातं. क्लच दाबला की हिसका, सोडला की उलटा हिसका. मामा म्हणतात, "इंजिन मोठं टाकलंय, तेवढं होणारच." मला पटत नाही. इंजिन गाडीला पुढे ढकलतं, डावीकडे नाही.

गावात एका ठिकाणी कॉम्प्युटर अलाइनमेंटला गाडी नेली होती. यादीत मॉडेल सापडेना, म्हणून पोरांनी टो (वरून बघितलं तर चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) तेवढा जुळवून परत पाठवली. आता आपणच मापं घ्यायची.

१० नोव्हेंबर, रविवार

मापाआधी ढिलाई शोधली. पुढची चाकं उचलून वर-खाली धरून हलवली. डावं चाक टक् टक् वाजतं. मग मामांना ब्रेक दाबून धरायला लावला. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन (चाक डावी-उजवीकडे ज्या उभ्या पिनेभोवती वळतं ती). राहिला.

डाव्या किंगपिनचा खालचा बुश (पिनेभोवतीची नळी) अंडाकृती झालेला. उजवा बरा आहे, पण एक बदलायचा तर दुसराही बदलायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. त्यानंतर कुर्ल्याच्या भंगारात सुट्या भागांचा पूर आला होता, आता तोही ओसरत चाललाय. दोन किट मागवली.

१७ नोव्हेंबर, रविवार

किंगपिन बसले. नवे बुश ठोकल्यावर दोन्ही एकाच लांब रिमरने, एका दमात रिम करायचे असतात. वेगवेगळे केले तर भोकं एका रेषेत येत नाहीत आणि पिन महिनाभरात घासते. मागच्या वेळी तेच झालं असावं. कोणी केलं होतं ते विचारलं नाही, कारण मामा एकदम छताकडे बघू लागले.

गाडी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या भुईकाट्यावर नेली. आधी सगळी गाडी, मग फक्त पुढची चाकं. एकूण ७९० किलो, पुढे ३९५. काटा पाच किलोच्या टप्प्याने दाखवतो, म्हणजे एवढी चूक धरून चालायचं. मामा कागद फेकत नाहीत हा त्यांचा मोठा गुण. जुनं इंजिन असतानाची पावती निघाली: ८५०, पुढे ४५५.

म्हणजे गाडीचं सगळं साठ किलो वजन पुढूनच गेलंय. फियाटचा ब्लॉक बिडाचा, जिप्सीचा अ‍ॅल्युमिनियमचा. वर बंपरही काढलेला. स्प्रिंग मात्र त्याच जुन्या वजनाच्या. वजन कमी झालं की स्प्रिंग कमी दबते आणि नाक वर जातं. किती वर गेलंय ते बघायला मामींच्या कोठीतून ज्वारीच्या तीस-तीस किलोच्या दोन गोण्या आणल्या. बॉनेट काढून, पुढच्या अ‍ॅक्सलच्या रेषेवर एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवली. नाक २८ मिमी खाली बसलं. तिथे खालचे आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे) जवळजवळ आडवे दिसू लागले, म्हणजे कारखान्याने ठरवलेली जागा हीच.

गोण्या काढल्या की आर्म पुन्हा बाहेरच्या बाजूला खाली झुकलेले. मामांची गाडी गेली कित्येक वर्षं उड्या मारण्याच्या पवित्र्यात उभी आहे आणि आम्हाला वाटत होतं की ती रुबाबात उभी आहे.

या उद्योगातून आणखी एक आकडा हाती लागला. चाकामागे तीस किलोला २८ मिमी, म्हणजे एका मिलिमीटरला साधारण एक किलो सत्तर ग्रॅम. पुढे लागणार आहे.

मामींना गोण्यांवर ऑइलचे डाग दिसले. त्याची नोंद इथे करत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज कॅस्टर मोजला.

नव्या वाचकांसाठी: सायकलचा पुढचा चिमटा बघा. तो सरळ उभा नसतो, वरचं टोक मागे रेललेलं असतं. म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. मोटारीत किंगपिनचा असाच मागे रेललेला कोन म्हणजे कॅस्टर. तो कमी असेल तर चाकाला सरळ कुठे ते कळत नाही.

मोजायची गावठी रीत: प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत फरशा, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक जागेवर वळतं. चाक वीस अंश बाहेर वळवून कँबर (चाकाचा वरचा भाग किती आत-बाहेर कललाय ते) बघायचा, मग वीस अंश आत वळवून बघायचा. दोन्हींतला फरक गुणिले दीड, हा कॅस्टर. चाकाला टेकवायचा डिजिटल कोनमापक कारखान्यातून आणला. मी टॉवेलच्या कारखान्यात फिटर आहे. मागाची चौकट पाणसळीत बसवायला तो लागतोच.

उजवीकडे फरक ०.८, म्हणजे कॅस्टर १.२ अंश. डावीकडे फरक ०.२, कॅस्टर ०.३.

तीनदा मोजलं, तेच. दोन गोष्टी कळल्या. एक, कॅस्टर मुळात नगण्य आहे. सरळ रेषेत पळायचं असेल तर मला चारच्या आसपास हवा. दोन, गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. डावीकडे कमी आहे आणि नाकही डावीकडेच जातं. मामांना दाखवलं. ते म्हणाले, "हां." मामांचं 'हां' म्हणजे त्यांना काहीतरी माहीत असतं.

८ डिसेंबर, रविवार

दोन रविवार वाया गेले. चूक माझी. ती नीट लिहून ठेवतो, म्हणजे दुसरा कोणी याच खड्ड्यात पडणार नाही.

मी सरळ विचार केला: किंगपिनचं वरचं टोक मागे न्यायचं आहे, तर वरचा आर्म मागे सरकवू. आर्मच्या पुढच्या बाजूला पॅकिंग भरलं, मागचं काढलं. कोनमापकावर तीन अंश आले. मी खूश. मग स्प्रिंग न लावता आर्म वर उचलून सोडला, तर तो तिथेच अडकला. आपल्या वजनाने खाली यायला हवा, तो दाराच्या गंजलेल्या बिजागरीसारखा तरंगत राहिला.

कारण शांतपणे बसल्यावर कळलं. आजच्या गाड्यांत आर्मच्या टोकाला बॉल जॉइंट असतो, तो कुठेही वळतो. आपल्या जुन्या गाडीत तिथे आडवी पिन आहे, बिजागरीसारखी. बाहेरची पिन आणि आतला पिव्होट (आर्मच्या गाडीकडच्या टोकाची पिन) समांतर असतील तरच आर्म मोकळा हलतो. मी किंगपिन मागे रेलवला, त्यामुळे बाहेरची पिन तिरपी झाली आणि आतला पिव्होट आडवाच राहिला. बिजागरीची दोन पानं वाकड्या रेषेत ठोकली तर दार जसं अडकेल तसं झालं. असाच पळवला असता तर बुश गेले असते आणि सस्पेन्शन हललंच नसतं.

मग कॅस्टर वाढवायचा कसा? वरचा-खालचा दोन्ही पिव्होट एकत्र तिरके करायचे. म्हणजे ते ज्या क्रॉसमेंबरवर, इंजिनखालच्या आडव्या तुळईवर, आहेत तो आख्खाच मागे रेलवायचा. क्रॉसमेंबर चेसिसच्या दोन लांब दांड्यांना खालून बोल्टने बसवलेला आहे. मध्ये पाचर घातली, जाड बाजू मागे, तर सगळं सस्पेन्शन एकसाथ रेलेल आणि पिना समांतरच राहतील. बैलगाडीच्या जमान्यापासून पाचर हेच उत्तर आहे, आणि मी पॅकिंगच्या चकत्या मोजत बसलो होतो.

पॅकिंग पूर्ववत केलं. इंजिन वरून आडव्या पाइपला टांगलं आणि क्रॉसमेंबरचे बोल्ट सैल करायला घेतले. उजवीकडचे निमूट सुटले. डावीकडचा शेवटचा बोल्ट सुटताना ताडकन आवाज झाला आणि मागचा कोपरा खाली सुटला. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला: २.१ मिमी फट.

क्रॉसमेंबर इतकी वर्षं पीळ भरून आवळलेला होता. म्हणजे तो सरळ आहे, डावीकडचा दांडाच वाकलेला आहे. बैठकीची लांबी १३० मिमी. तेवढ्या लांबीवर २.१ मिमी म्हणजे ०.९ अंश. डाव्या-उजव्या कॅस्टरमधला फरक किती होता? ०.९.

मी मामांकडे बघितलं.

"अठ्ठ्याण्णवला," मामा म्हणाले, "उसाच्या ट्रॉलीला जरा लागली होती. जरा."

२२ डिसेंबर, रविवार

पाचरींचा हिशेब. उजवीकडे तीन अंश: १३० मिमी लांबीवर मागची जाडी ६.८ मिमी. डावीकडे तेवढी अधिक २.१, म्हणजे ८.९. दोन्ही बाजूंना शेवटी ४.२ अंश यायला हवेत.

लेथवाले अण्णा आमच्या कारखान्याचे सुटे भाग करतात. कागदावरचं चित्र बघून त्यांनी विचारलं, "हे कुठल्या मागाचं आहे?" मी म्हटलं, पद्मिनीचं. त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला. मिलिंग मशीनवर दुसरं काम लावलेलं होतं, म्हणून शेपरवर घेऊ म्हणाले. जॉबच्या एका टोकाखाली पॅकिंग ठेवून तिरका धरायचा आणि सपाट मारायचा. सोपं वाटतं, पण पाचरीची पातळ बाजू शून्याला नेली तर ती पानासारखी वाकते. त्यामुळे दोन्हींना बुडाशी ३ मिमी सरसकट जाडी ठेवली.

अण्णांनी एक गोष्ट माझ्या आधी पकडली. "बोल्टचं डोकं कशावर बसणार?" क्रॉसमेंबर रेलला की बोल्ट दांड्यांना काटकोनात राहतो, पण खालची बैठक तिरकी होते. डोकं एका कडेवर टेकतं आणि आवळल्यावर बोल्ट वाकतो. म्हणून प्रत्येक बोल्टला उलट्या कोनाची एकेक चकतीही केली. बोल्ट नवे, उच्च प्रतीचे, पाचरीच्या जाडीएवढे जास्त लांब. सगळे मिळून अठराशे रुपये आणि दोन वेळा चहा.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे गाव बंद, अण्णा बंद, मीही बंद. तीळगूळ.

१९ जानेवारी, रविवार

पाचरी बसल्या. स्प्रिंग न लावता आर्म उचलून सोडला, खाली आला. दोन्ही बाजूंना. या आवाजासाठी दोन महिने गेले.

आता उंची. पाचरींची जाडी मध्ये आल्यामुळे क्रॉसमेंबर दांड्यांपासून उजवीकडे साडेसहा, डावीकडे साडेसात मिमी खाली गेला. म्हणजे नाक आणखी तेवढं वर. मूळचे २८ आणि हे ७, एकूण ३५ मिमी खाली आणायचं.

स्प्रिंग आर्मच्या मध्यावर बसते, त्यामुळे चाकापाशी ३५ हवे तर स्प्रिंगपाशी निम्मे, साडेसतरा. साधारण अर्धा फेरा. वेल्डर चाचा गॅस कटर घेऊन तयार होते. त्यांना हात जोडले. गॅसने कापलं की कापलेल्या टोकाशी स्प्रिंगचं पाणी उतरतं आणि ती तिथेच बसते किंवा तुटते. पातळ कटिंग चाकाने, ओलं फडकं गुंडाळून, थांबत थांबत कापली. दोन्ही स्प्रिंगा एकाच ठिकाणी खूण करून.

स्प्रिंग कापली की ती नुसती बुटकी होत नाही, ताठही होते, कारण तेच वजन झेलायला कमी फेरे उरतात. आमच्या कामाला तेही चालेल, सुटताना नाक कमी उठेल.

गाडी खाली ठेवून थोडी पुढे-मागे ढकलून बसवली. आर्म आडवे. कॅस्टर उजवीकडे ४.२, डावीकडे ४.१. कँबर दोन्हीकडे शून्याच्या आत, पाव अंश उणे. मामांनी सीटवर बसून स्टिअरिंग फिरवलं. "जड झालंय बे." होणारच. कॅस्टर वाढला की चाक सरळच राहायला बघतं, ते वळवायचे कष्ट हातालाच पडतात.

२६ जानेवारी, रविवार

आता ज्या कामासाठी हे सगळं काढलं ते: चाक वर-खाली होताना टो किती बदलतो. यालाच बंप स्टिअर म्हणतात. गिअर बदलताना नाक उठतं-बसतं आणि त्याच वेळी चाकं आपोआप वळत असतील, तर हिसका तिथूनच येतो असा माझा पहिल्यापासूनचा संशय.

स्प्रिंग काढली, स्टिअरिंग सरळ ठेवून बांधून टाकलं. गवंडी वापरतात तो लेझर हबला क्लँप केला, ठिपका पाच मीटरवरच्या भिंतीवर. तेवढ्या अंतरावर एक अंश म्हणजे ८७ मिमी, त्यामुळे बारीक हालचालही डोळ्याला दिसते. जॅकने चाक दहा-दहा मिमी वर-खाली केलं, भिंतीवर पेन्सिलच्या खुणा.

संध्याकाळपर्यंत आलेख तयार, आणि चुकीचा. चाक वर-खाली होताना नुसतं वळत नाही, थोडं आत-बाहेर सरकतंही, कारण आर्म कमानीत फिरतो. ते सरकणंही मी वळणं म्हणून मोजलं होतं. ही चूक रात्री जेवताना लक्षात आली. भाकरी तशीच ठेवून उठलो नाही, पण चव गेली.

२ फेब्रुवारी, रविवार

दोन लेझर. एक पुढच्या भिंतीवर, दुसरा बरोबर उलट दिशेने मागच्या फाटकावर. चाक नुसतं सरकलं तर दोन्ही ठिपके एकाच बाजूला जातात, वळलं तर विरुद्ध बाजूंना. दोन्ही खुणांतल्या फरकाचं निम्मं म्हणजे खरं वळणं.

निकाल: चाक ६० मिमी खाली सोडलं, म्हणजे नाक तेवढं उठलं, की प्रत्येक चाक ०.६ अंश बाहेर वळतं. वर नेलं की जवळजवळ तेवढंच आत. आलेख धनुष्यासारखा वाकडा नाही, सरळ तिरकी रेघ आहे. ही खूण महत्त्वाची. रेघ वाकलेली असेल तर टाय रॉडची (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याची) लांबी चुकलेली असते. सरळ तिरकी असेल तर टाय रॉडचं एक टोक दुसऱ्याच्या मानाने चुकीच्या उंचीवर असतं.

आणि ते टोक मीच चुकवलं होतं. आपल्या गाडीत टाय रॉड अ‍ॅक्सलच्या मागे आहेत. क्रॉसमेंबर तीन अंश मागे रेलला, तर चाकापासून मागे निघालेला, टाय रॉड ज्याला जोडलाय तो स्टिअरिंग आर्मही तेवढाच खाली झुकला. आर्म १२० मिमी लांब, म्हणजे टोक सहा मिमी खाली. टाय रॉडची आतली टोकं, ड्रॉप आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा) आणि आयडलरकडची (दुसऱ्या बाजूचा त्याचा जोडीदार), चेसिसवर असल्यामुळे जिथल्या तिथे. क्रॉसमेंबर जेवढा खाली गेला तेवढी आणखी भर. एका बाजूला कॅस्टर दुरुस्त केला आणि दुसऱ्या बाजूला बंप स्टिअर वाढवून ठेवला.

म्हणजे माझा संशय खोटा होता का? अर्धा. मूळ हिसक्यात डाव्या-उजव्या कॅस्टरचा फरक होताच. पण टाय रॉड चुकीच्या जागेत आधीही चालत होते, कारण नाक २८ मिमी वर होतं. शिवाय दोन्ही चाकं सारखी बाहेर वळली तर गाडी ओढत नाही, नुसती अस्वस्थ होते. आमच्या गाडीत दोन्ही सारखी वळतच नाहीत. इंजिनच्या पिळामुळे अंग उजवीकडे झुकतं आणि नाकाची डावी बाजू जास्त उठते. मागच्या स्पर्धेच्या मोबाइलवरच्या चित्रफितीत ते स्पष्ट दिसतंय. तेव्हा आम्ही त्याला 'झकास उचलली' म्हणत होतो.

९ फेब्रुवारी, रविवार

चाचांचा उपाय: स्टिअरिंग आर्म तापवून वर वाकवू, दहा मिनिटांचं काम. नको म्हणालो. तो घडीव पोलादाचा तुकडा आहे. तापवून वाकवला की आत काय झालं ते बाहेरून दिसत नाही, आणि तो तुटला तर ताशी १२० ला स्टिअरिंगचा चाकाशी संबंध संपला. चाचा रागावले नाहीत, पण दिवसभर कमी बोलले.

दुसरा मार्ग लांबचा: आतली टोकं खाली आणायची. अंदाजाने न जाता चकत्या घालत, लेझरवर बघत गेलो. सहा मिमीला रेघ निम्मी झाली. दहाला जवळजवळ उभी. बाराला उलटी तिरकी. अण्णांकडून आयडलरच्या आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीला दहा-दहा मिमीचे डिस्टन्स पीस करून घेतले. बॉक्स खाली गेला की स्टिअरिंगचा लांब दांडाही हलतो, त्यामुळे डॅशबोर्डखालची पकड सैल करून नव्या जागी बसवली. नाहीतर दांडा वाकून चालतो आणि बॉक्सचं बेअरिंग खातो.

आता ६० मिमीच्या पूर्ण चालीत भिंतीवर ठिपका आठ मिमी हलतो, एक दशांश अंशाच्या आत. उरलंय ते किंचित धनुष्यासारखं, म्हणजे लांबीतलं. ते सोडून देतोय.

१६ फेब्रुवारी, रविवार

नाक किती उठतं ते आधी कागदावर काढलं. मामांसकट गाडी ८६० किलो. सुटताना गुरुत्वाच्या पंचेचाळीस टक्के वेग वाढतो असं धरलं, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, व्हीलबेस २.३४ मीटर. पुढून मागे जाणारं वजन साधारण ८३ किलो, एका चाकाला ४१. ज्वारीच्या गोण्यांचा आकडा इथे कामाला आला: जुन्या स्प्रिंगवर ३८ मिमी, कापलेल्या जरा ताठ, त्यावर थोडं कमी. चित्रफितीतून मोजलं तर जुन्या धावेत डावी बाजू ४५ च्या आसपास, उजवी तीसला. सरासरी जमते. एवढं जमेल असं वाटलं नव्हतं.

पट्टा लावून नाक ४५ मिमीच्या पुढे उठू द्यायचं नाही, असं ठरवलं. दोन्हीकडे सारखा.

टो दोरीने जुळवला, गाडीच्या दोन्ही बाजूंना मागच्या-पुढच्या चाकांना समांतर दोरी ताणून. एकूण दीड मिमी आत. लॉकनट आवळून पिवळ्या रंगाची रेघ मारली, सुटला तर दिसावा म्हणून.

२ मार्च, रविवार

ओळखीच्या एकाचं होटगी रोडला प्लॉटिंग पडून आहे. आतला रस्ता त्याचा, फाटकाला कुलूप, कोणी नाही. परवानगी घेऊन ताशी साठपर्यंतच. स्टिअरिंग सोडलं की परत मध्यावर येतं. मामांनी चार वेळा सोडून बघितलं, लहान मुलासारखं.

परत आल्यावर चाकं काढून बघितली आणि बरं झालं. उजव्या ब्रेकच्या रबरी नळीवर चकचकीत घासल्याची खूण. क्रॉसमेंबर रेलल्यामुळे आणि गाडी खाली आल्यामुळे, पूर्ण वळणावर ती आर्मला टेकते. मी सगळे कोन मोजले, नळी मोजली नाही. नळी नवी, ब्रॅकेट वीस मिमी पुढे. पूर्ण वळण, वर-खाली, चारही स्थितींत हाताने तपासलं.

२३ मार्च, रविवार

काल पहाटे टेम्पो निघाला, आज रात्री परत. धावपट्टीवर तीन धावा मिळाल्या.

पहिली १८.१ सेकंद. मामा तिसऱ्यातून चौथ्यात टाकताना सवयीने उजवीकडे स्टिअरिंग धरून बसले होते. हिसका आलाच नाही, त्यामुळे गाडीच उजवीकडे गेली. दुसरी १७.७, शेवटी ताशी १२३. तिसरी १७.६, १२४. मागच्या वर्षीची सगळ्यात चांगली १७.९ होती. इंजिनला हात लावलेला नाही. तीन दशांश कुठून आले ते मामांच्या उजव्या पायाला विचारा. मागच्या वर्षी तीनशे मीटरनंतर तो थोडा उचलला जात होता, आता मामा कबूल करत नाहीत.

चित्रफितीत डावी बाजू अजूनही उजवीपेक्षा जास्त उठते, पट्ट्यापर्यंत जाते. तरी चाकं सरळ. पिवळ्या रेघा जागेवर.

नवी गोष्ट: सुटताना मागचं उजवं चाक दोन-तीनदा आपटतं, थाड थाड. आधीही आपटत असणार, पण तेव्हा सगळं लक्ष नाकाकडे होतं. मागच्या स्प्रिंगचे पाटे पिळत असावेत. पुढच्या रविवारी मागची बाजू उघडायची, म्हणजे पुन्हा वजन लागणार. मामींनी कोठीला कुलूप घातलंय.